एक वीत

अकुलिना प्रकोपियेव्ना विल्यूइस्कला गेली, बहिणीच्या मातीला.
जाताना किल्ली दिली आणि वहीचा फाटका कागद:
"दिवा शेंड्यापासून एक वीत. वीत माझी, तुझी नव्हे.
पहाटे सहाला लाव, रात्री आठला मालव.
रोपं वर आली की साखळीची एक कडी वर.
उलटा पंजा शेंड्यावर धरून तीस मोज,
तुला चटका बसला तर त्यांनाही बसतो."
खाली सही नाही. मातीचा अंगठा.

तीस वर्षं मी लेनाच्या गोठल्या पात्रावरून ट्रक हाकला.
उजेडाचं मला कोणी शिकवावं?
समोरून गाडी आली की डिप्पर,
मोकळा बर्फ दिसला की अप्पर,
धुक्यात खालचे पिवळे, आणि देवाचं नाव.
एवढ्यावर मी जगलो. सगळे नाही जगले.

फेब्रुवारी. बाहेर उणे सत्तेचाळीस.
सूर्य येतो, पण वसुलीच्या माणसासारखा
उंबऱ्यापाशीच उभा राहून निघून जातो.
तिहेरी काचेमागे, दुधाच्या कापलेल्या खोक्यांत
टोमॅटोची अठ्ठावीस रोपं, दोन दोन पानांची,
आणि वर तो जांभळा दिवा,
ज्यावरून अख्ख्या जिन्याला कळतं, अकुलिना घरी आहे.

पहिल्या संध्याकाळी पंजा धरला. तीस मोजले. काही नाही.
साठ मोजले. काही नाही.
मग आठवलं, ही तीच बोटं,
चाकाला साखळी बांधताना एका मार्चमध्ये
बर्फाने मागून घेतलेली.
कातडी परत दिली त्याने, स्पर्श ठेवून घेतला.
या हाताला चहाचा पेला काय नि दाराची कडी काय.

आणि भीतीच बसली. करपली तर?
बाई तिकडे माती द्यायला गेलेली,
आणि मी इथे तिची पोरं भाजायची?
एक कडी वर घेतली. झोप येईना,
उठून आणखी दोन.
सकाळी बटणही फिरवून अर्ध्यावर आणलं.
असू दे थोडं कमी, कमीने कोणी मरत नाही,
हे मी जन्मभर म्हणत आलोय,
बोलण्याच्या बाबतीत,
लेकाला लिहिलेल्या पत्रांच्या बाबतीत.

रोपं काय वाढली! चौथ्या दिवशी चार बोटं,
सहाव्या दिवशी अर्धी वीत.
जिन्यात भेटेल त्याला मी सांगत सुटलो.
सातव्या दिवशी चष्मा लावून पाहिलं:
दोऱ्यासारखी, पांढुरकी,
टाचा उंचावून, माना ताणून,
गर्दीत बाप हरवलेली पोरं उभी राहतात तशी.

ती आली. अंगातला कोटही काढला नाही.
"दुप्पट लांब गेलं तर उजेड निम्मा नाही होत, गावरिल,
पाव होतो. त्यात तू बटणही फिरवलंस."
मी हात पुढे केला.
तिने तो उलटासुलटा पाहिला, बाजारात मासा बघतात तसा,
आणि म्हणाली, मोठी खोकी काढ.

रात्रभर आम्ही रोपं पुरली, गळ्यापर्यंत.
टोमॅटोचं बरं असतं,
मातीत गेलेल्या देठालाच मुळं फुटतात.
"तिकडे जमीन वितळवायला
दोन दिवस शेकोटी लागली," एवढंच बोलली,
अंगठ्याने माती दाबत.

पाच गेली. तेवीस उभी राहिली, बुटकी, घट्ट.

मग दिवा खाली, कडी कडी करत.
"मोज आता."
हात नाही ना माझा त्या कामाचा.
"मग गाल धर."

म्हणून हा मी, सत्तरी ओलांडलेला,
नाक पानांत, गाल दिव्याखाली.
अंगणात गाडी तापवणारं पोरगं वर बघून हसलं असेल,
जांभळा म्हातारा!
सत्तावीस. अठ्ठावीस.
ऊब आहे. चटका नाही.

"हलू नकोस," ती म्हणाली,
आणि शेंड्यापासून दिव्यापर्यंत
आपली वीत लावून पाहिली,
मध्ये माझा कान.